परत येणार असल्याबद्दल अभिनंदन

माझी मुलगी परत येणार नाही, हे मला एका सरकारनं लेखी कळवलं. आपलं सरकार नव्हे, परक्या देशाचं. त्या देशाचं नाव मी घेत नाही. ज्यांनी माझ्यावर अविश्वास दाखवला त्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही, असा माझा जुना नियम आहे. त्या नियमाखाली कोपऱ्यावरचा एक दूधवाला आणि माझा मेहुणा, म्हणजे वासंतीचा सख्खा भाऊ, यांचीही नावं आमच्या घरात घेतली जात नाहीत. वासंती माझी बायको. ती त्या देशाला नुसतं 'तिकडे' म्हणते आणि भावाला 'तो'. काम भागतं.

तर तिकडून पत्र आलं. आमची धाकटी, तनया, वाघोलीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. नदीचं घाण पाणी स्वच्छ कसं करायचं, याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिकडच्या विद्यापीठात आहे. त्याला तिला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीही मिळाली होती. पुण्यात राहून हा विषय का निवडला असं कुणी विचारत नाही, नदीच्या पुलावरून एकदा गेलं की कळतं. राहिला होता फक्त व्हिसा. तो नाकारला. कारण असं, की अर्जदार शिक्षणापुरती तात्पुरती येत आहे, याबाबत आमचे समाधान झाले नाही.

'समाधान झाले नाही.' पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क असताना हे तीन शब्द मी इतक्या लोकांना लिहिले, की ते कधी माझ्याच घरी येतील असं वाटलं नव्हतं. वाचताना कसं लागतं ते आता कळलं. पण मी लिहायचो तेव्हा समोरच्याची खरंच चूक असायची, हा फरक आहे.

समाधान न होण्याची दोन कारणं दिली होती. एक, अर्जदाराचा थोरला भाऊ, म्हणजे आमचा केदार, आठ वर्षांपूर्वी याच प्रकारच्या व्हिसावर आला आणि अद्याप परत गेलेला नाही. आणि दुसरं, अर्जासोबतचं जोडपत्र क.

जोडपत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरात त्याबद्दल एकतर्फी बोललं जातं. अर्ज हा जोडपत्रांवर उभा असतो. तनया म्हणत होती, "बाबा, त्यांनी चारच कागद मागितलेत, चारच देऊ." मी म्हटलं, मागितले तेवढेच कागद देणारा माणूस संशयास्पद वाटतो. अर्जात एक रकाना होता, समाजाशी असलेल्या संबंधांचा. तिथे मी सोसायटीतल्या सत्काराचा फोटो लावला.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत रीत आहे. कुणाचं मूल परदेशी निघालं की फाटकावर फ्लेक्स लागतो आणि खालच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. एरवी हे व्हिसा आल्यावर होतं. पण आमचे सेक्रेटरी सुदर्शन शिधये उन्हाळ्यात मुलाकडे परदेशी जाणार होते, आणि आपल्या गैरहजेरीत सोसायटीत काही चांगलं घडलेलं त्यांना खपत नाही. म्हणून तनयाचा सत्कार आधीच उरकला. फ्लेक्सचा मजकूर छपाईवाल्याकडे तयारच असतो, दर वेळी फोटो आणि नाव तेवढं बदलतात. 'परदेशी कायमस्वरूपी स्थायिक होण्यासाठी प्रस्थान करीत असल्याबद्दल कु. तनया श्रीनिवास वझे हिचे हार्दिक अभिनंदन.' मध्ये तनया, आणि भोवती कमिटीचे सगळे सभासद गोल चौकटींत. सगळ्यांत मोठी चौकट शिधयांची.

हा फोटो मी जोडला. नुसता जोडला नाही, फ्लेक्सवरच्या मजकुराचं अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि ते नोटरीसमोर नेऊन शिक्का मारून आणला. भाषांतरकारानं वाचलं, नोटरीनं वाचलं, मी तर तीनदा वाचलं. कुणालाही काही खटकलं नाही. खटकणार कसं? आमच्याकडे मुलं स्थायिक व्हायलाच जातात आणि अभिनंदन त्याबद्दलच असतं. परत येणाऱ्याचं अभिनंदन कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही. त्याला लोक "काय झालं रे?" एवढंच विचारतात.

"म्हणजे तुम्ही आपल्या हातानं पुरावा दिलात," वासंती म्हणाली. "शिक्का मारून."

"प्रामाणिक अर्जदार असाच वागतो," मी म्हटलं.

तनयानं पत्राची घडी घालून ते फाइलमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून वाघोलीला गेली, संध्याकाळी आली, जेवली आणि ताटावरून उठताना म्हणाली, "बाबा, फेरविचार मागता येतो. पण यात नाही झालं तर शिष्यवृत्ती जाईल, आणि शिष्यवृत्तीशिवाय मला जाता येणार नाही. मला जायचंय." एवढंच. मला ती थोडी ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आमच्या समोरच्या इमारतीत, अमृततुल्यच्या वर, उत्तरेश्वर नावाचा एक तरुण परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करतो. मूळचा धाराशिवकडचा. शिकायला पुण्यात आला आणि परत गेला नाही, पण त्याला कुणी त्याबद्दल पत्र पाठवलेलं नाही. स्वतः तो विमानात बसलेला नाही. भिंतीवर मात्र सगळ्या देशांची घड्याळं लावली आहेत, त्यांतली दोन चालतात.

त्यानं पत्र वाचलं, मग जोडपत्र क वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, हे कुणी जोडलं?"

"मी."

"का पण?"

याला नियमात उत्तर नाही.

"टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "आता आपल्याला स्ट्राँग टाइज दाखवायच्या. म्हणजे ताईंचा जीव इकडंच अडकलाय, हे त्यांना दिसलं पाहिजे."

"कशात अडकलाय?"

"ते तुम्ही सांगायचं, काका. मुलगी तुमची आहे."

घरी येऊन मी तनयाला सरळ विचारलं, "तुझा जीव इथे कशात अडकलाय?" ती चहा पीत होती. तिनं विचार केला. जरा जास्तच वेळ केला.

"स्कूटरमध्ये," ती म्हणाली.

"आणि आम्ही?" वासंतीनं विचारलं.

"तुम्ही आहातच गं, आई."

मी कागदावर लिहिलं: एक, स्कूटर. पहिल्या पगारातून घेतलेली, निळी. सोबत आरसी बुकाची प्रत. आम्ही आहोतच, याची प्रत कुठून काढायची ते मला सुचलं नाही.

व्हिसा नाकारल्याची बातमी सोसायटीत कशी पसरली मला माहीत नाही. मी फक्त शेजारच्या सलिल प्रभुण्यांना सांगितलं होतं, आणि तेही कुणाला सांगू नका असं बजावून. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला भेटणारा प्रत्येक माणूस आवाज खाली आणून बोलायला लागला. प्रभुण्यांचं मत पडलं की मुलीचा साखरपुडा करावा. होणारा नवरा इथे असला की मुलगी परत येते, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांची स्वतःची मुलगी साखरपुडा करून गेली आणि मग नवऱ्यालाच तिकडे घेऊन गेली, हे मी त्यांना आठवून दिलं नाही. माझी वेळ वाईट होती.

तनयाला न विचारता मी एक स्थळ पाहायला गेलो, हे मान्य करतो. लोणी काळभोरचं घर, मुलगा तेजस, आयटीत. बागाईत, दारात गाडी, माणसं मोकळी. मी सगळी हकीकत सांगितली आणि मुद्द्यावर आलो, की मुलगी शिकून दोन वर्षांत परत येणार आहे. तेजसच्या आईचा चहा ओतणारा हात थांबला.

"माघारी येणार हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "आमास्नी तर सांगितलं, पोरगी कायमची चाललीय, तेजसलाबी तिकडं नेईल. माघारीच यायचं तर मग इचार करावा लागंल."

तेजसनं तेवढ्यात मला विचारलं, की नवऱ्याचा व्हिसा किती दिवसांत होतो. मी चहा पिऊन उठलो. घरी तनयाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यापुढे जोडपत्रं मला दाखवून जोडायची." तेजसला ती जोडपत्र म्हणाली, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

मग पत्रं गोळा करायला लागलो. त्यात मला एक नवीनच गोष्ट कळली. आपल्या लोकांना मुलीबद्दल 'ती परत येईल' असं लिहिताच येत नाही. हात कचरतो. त्यांना तो शाप वाटतो. वाघोलीच्या प्राचार्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं: 'कु. तनया वझे परत आल्यास त्यांना सेवेत सामावून घेण्यात येईल. तथापि त्यांची गुणवत्ता पाहता त्यांच्यावर अशी वेळ येऊ नये, अशी ईश्वरचरणी प्रार्थना.' मी दोन बस बदलून पुन्हा वाघोलीला गेलो आणि म्हटलं, सर, तो तथापि काढा. ते दुखावले. म्हणाले, मी मुलीचं वाईट चिंतू का? शेवटी तथापि काढला, पण मला निरोप द्यायला ते खुर्चीतून उठले नाहीत.

उत्तरेश्वरचं म्हणणं, आईवडील थकलेले दाखवावेत. म्हातारपणाचा आधार म्हणून मुलगी परत येईल. त्यासाठी आमच्या डॉक्टरांकडून दाखला आणायचा. डॉक्टर माझे जुने स्नेही. त्यांनी मला खूश करायला लिहिलं, 'श्री. वझे यांची प्रकृती वयाच्या मानाने अत्युत्तम असून त्यांना कोणाच्याही आधाराची आवश्यकता नाही.' मी खरोखर खूश झालो. तो दाखला काही दिवस टेबलावर दिसेल असा ठेवला, आणि मग परत नेऊन दिला.

"काठी घेऊन फोटो काढू, काका," उत्तरेश्वर म्हणाला.

"माझ्याकडे काठी नाही."

"शिधयांकडे दोन आहेत," वासंती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आयुष्यभर मी कुणाचा भार झालो नाही, आणि आता त्याच गोष्टीमुळे माझ्या मुलीचं अडत होतं. मी काठी घेतली नाही. त्या दिवशी मला जेवणही गेलं नाही.

राहिलं पहिलं कारण. केदार.

केदार दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करतो. आमचे विषय ठरलेले आहेत. तिकडचं हवामान, इकडचं हवामान, माझं ब्लड प्रेशर, मग पुन्हा तिकडचं हवामान. सुरुवातीला आम्ही विचारायचो, कधी येणार? तो म्हणायचा, "अजून दोन वर्षं, बाबा." दोन वर्षांनीही तेच म्हणाला. पुढे त्यानं म्हणणं सोडलं आणि आम्ही विचारणं. भांडण झालं नाही, कुणी रडलं नाही. तो विषय निघेनासा झाला, एवढंच. पण तिकडच्या एका अनोळखी माणसानं तो सरळ कागदावर लिहिला होता आणि खाली खुलासा मागितला होता. खुलासा मागितल्यावर तो दिलाच पाहिजे, ही माझी शिस्त.

मी कागद-पेन घेऊन बसलो. वासंती डायनिंग टेबलावर मेथी निवडत होती, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. तनया दारात उभी होती.

"केदार, एक अधिकृत माहिती हवी आहे."

"विचारा ना, बाबा."

"तू परत येणार आहेस की नाहीस? हो किंवा नाही. अर्जात लिहायचंय."

त्यानं चष्मा काढला आणि टीशर्टला पुसला. लहानपणी मार्कांचं विचारलं की तो असंच करायचा. "तुम्हाला हवं ते लिहा," तो म्हणाला. "मी सही करून पाठवतो."

"मला हवं ते नको. खरं सांग."

"नाही, बाबा. नाही येणार."

मी लिहिलं, नाही. खाली तारीख घातली, सवयीनं. वासंतीचे हात थांबले नाहीत. ती मेथी निवडतच होती, पण पानं आणि काड्या आता एकाच भांड्यात पडत होत्या. तनयानं पाहिलं. ती आत आली, आईसमोरून भांडं ओढून घेतलं आणि सगळं पहिल्यापासून निवडायला बसली. मग मी केदारला विचारलं, तिकडे हवामान कसं आहे? तो म्हणाला, थंडी आहे.

उत्तरेश्वरनं तो खुलासा वाचला आणि हादरला. "काका, हे नका लिहू. आपण लिहू, परत येण्याच्या प्रयत्नात आहे."

"'प्रयत्नात आहे' हे मी नोकरीत आयुष्यभर लिहिलं आहे," मी म्हटलं. "त्याचा अर्थ मला माहीत आहे. तिकडच्या क्लार्कलाही माहीत असणार."

याच सुमारास शिधये मुलाकडून परत आले. ठरल्यापेक्षा बरेच लवकर आले. का, ते मी विचारलं नाही. फ्लेक्सबद्दल मात्र त्यांना वाईट वाटलं, म्हणजे आपला मजकूर परदेशी सरकारला पटला नाही याचं. ते म्हणाले, "वझे, फ्लेक्सनं झालेलं नुकसान फ्लेक्सनंच भरून काढू." मी नको म्हटलं. शिधयांना नको हा शब्द मंजुरीसारखा ऐकू येतो. दोन दिवसांनी फाटकावर नवीन फ्लेक्स लागला. तोच फोटो, त्याच गोल चौकटी, मजकूर नवा: 'उच्च शिक्षण घेऊन पुण्यास परत येणार असल्याबद्दल कु. तनया श्रीनिवास वझे हिचे हार्दिक अभिनंदन.'

फाटकाशी लोक थांबून वाचायला लागले. एका गृहस्थानं पूर्ण वाचून वॉचमनला विचारलं, "गेली कधी?" वॉचमन म्हणाला, "अजून जायची आहे." गृहस्थ पुन्हा सगळा फ्लेक्स वाचून म्हणाले, "मग एवढी घाई कसली होती?" भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईंनी तनयालाच विचारलं, "काय गं, तिकडे नापास झालीस का?" तनयानं स्कूटर मागच्या फाटकातून काढायला सुरुवात केली.

सत्कारही झाला. तीच शाल, दुसरा नारळ. शिधये भाषणात म्हणाले, "तनया परत येणार, याची आपल्या सर्वांना खात्री आहे. आणि समजा, नाही आली, तरी सोसायटीला तिचा अभिमानच वाटेल." टाळ्या पडल्या त्या दुसऱ्या वाक्याला. मी उत्तरेश्वरला फोटो दाखवला तर तो हात जोडून म्हणाला, "काका, हा अर्जाला लावलात तर मी दुकान बंद करून गावाकडं जाईन." मी लावला नाही. त्यानिमित्तानं तनया कित्येक आठवड्यांनी हसली.

फेरविचाराची सुनावणी कॉम्प्युटरवर होती, सकाळी लवकर, तिकडच्या सोयीनं. दाराबाहेर मी पाटी लावली: 'सुनावणी चालू आहे. बेल वाजवू नये. कशाची, ते विचारण्यासाठीही वाजवू नये.' शिधयांनी ती वाचली आणि सुरू झाली का, एवढं विचारायला बेल वाजवली.

मी साक्षीदार. मला इंग्रजी चांगलं येतं, पण उत्तरेश्वरनं बजावलं होतं, मराठीतच बोला, नाहीतर त्यांना वाटेल अख्खं घर निघालंय. म्हणून तिकडच्यांनी दुभाषी दिला होता. पडद्यावर साठीच्या एक बाई दिसल्या, पांढरा बॉबकट, कपाळावर बारीक टिकली. अधिकारी यायचे होते. आवाज तपासताना बाईंनी मला विचारलं, "आपण कर्वेनगरात कुठे?" मी सांगितलं. "आमचं घर तिथून जवळच होतं, कालव्याच्या बाजूला," त्या म्हणाल्या. "कालव्याला पाणी असतं का हो अजून?" मी म्हटलं, असतं, पण बघण्यासारखं नाही. मी विचारलं, तुम्ही तिकडे कधी गेलात? "शिकायला आले होते," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात अधिकारी आले. त्या एकदम ताठ बसल्या.

अधिकारी सौम्य होते. वाईट बातमी लिहिणारी माणसं समोर आली की बहुतेक सौम्यच असतात. त्यांनी तनयाला अभ्यासाबद्दल विचारलं, तिनं नीट सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुमची मुलगी शिक्षण संपल्यावर परत येईल असं तुम्हाला वाटतं का? उत्तरेश्वरनं माझ्याकडून उत्तर घोकून घेतलं होतं. ते तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं.

"साहेब, मला माहीत नाही," मी म्हटलं. तनयानं टेबलाखाली माझा हात धरला. धीर द्यायला धरला की आवरायला, कळलं नाही. "मुलगा परत येईल असंही मला वाटलं होतं. तुमच्या पत्रामुळे मला त्याला विचारावं लागलं, नाहीतर मी विचारलं नसतं. तो नाही म्हणाला. तेव्हा त्याची आई भाजी निवडत होती. ती पानं आणि काड्या एकाच भांड्यात टाकायला लागली. हिनं ते पाहिलं. हिनं भांडं ओढून घेतलं आणि सगळी भाजी पुन्हा निवडली. माझ्याकडे तुम्हाला दाखवायला एवढंच आहे. याला मी शिक्का मारून आणू शकत नाही."

दुभाषी बाई बोलेनात. अधिकाऱ्यांनी त्यांना नावानं हाक मारली. त्यांनी सॉरी म्हटलं, पाण्याचा घोट घेतला आणि सगळं इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न वगळता. मी तपासत होतो. भाजीचं नाव मी घेतलं नव्हतं, तरी त्या मेथी म्हणाल्या.

फेरविचार मंजूर झाला. पत्रात लिहिलं होतं, अर्जदार शिक्षणानंतर स्वगृही परतेल याबाबत आमचे समाधान झाले आहे. वासंतीनं ते वाक्य माझ्याकडून दोनदा मराठीत करून घेतलं. सोसायटीत पेढे वाटले. लोक म्हणाले, "सुटली एकदाची." प्रभुणे म्हणाले, "आता काही ती परत येत नाही, वझे," आणि माझ्या पाठीवर प्रेमानं थाप मारली. एवढा पाच-सहा महिने झगडा करून ती परत येणार हे मी पटवलं कुणाला, तर तिकडच्या त्या एका अधिकाऱ्याला. जगात तेवढ्या एकाच माणसाला त्याची खात्री आहे, आणि त्याचं नावही मी नीट ऐकलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी तनया बॅगेचं वजन करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, स्कूटर विकून टाका. उभी राहून बॅटरी जाईल."

"बघू," मी म्हटलं.

ती नुसतं बॅटरीबद्दलच बोलत असेल. मुलगी व्यवहारी आहे. मी वासंतीला तसं सांगितलंही. वासंती म्हणाली, "मी काही म्हणाले का?"

पुढे सोसायटीतल्या आणखी एका मुलाचा सत्कार आला आणि शिधयांना फाटकावरची जागा हवी झाली. वासंती खाली जाऊन उतरवलेला फ्लेक्स मागून घेऊन आली. पार्किंगमध्ये उभ्या स्कूटरवर तो टाकला आणि नायलॉनच्या दोरीनं बांधला. तनयाचा चेहरा सीटवर येतो, 'परत येणार असल्याबद्दल' हँडलवर, आणि शिधये मागच्या चाकापाशी. शिधयांनी त्याबद्दल लेखी नाराजी कळवली. मी पोच दिली. दर रविवारी मी दोरी सोडून स्कूटर थोडा वेळ सुरू ठेवतो, मग पुन्हा बांधतो.

रविवारी आता दोन फोन येतात. आधी केदारचा, मग तनयाचा. मागच्या रविवारी ती उत्साहात होती. म्हणाली, "बाबा, मॅडम म्हणतायत तुझं काम चांगलं चाललंय. कोर्स संपला तरी संशोधन पुढे चालू ठेव म्हणतायत. म्हणजे मग मला अजून..."

"तिकडे हवामान कसं आहे?" मी विचारलं.

ती थांबली. "थंडी आहे," ती म्हणाली.

फोन झाल्यावर मी खाली गेलो आणि स्कूटर सुरू केली. पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ आत आले. मुलाला जुनी गाडी हवी म्हणून गेल्या वर्षीही ते येऊन गेले होते.

"विकायची आहे का?"

"नाही."

"वापरताना तर कुणी दिसत नाही."

"मुलीची आहे. ती आल्यावर तिला विचारा."

त्यांनी फ्लेक्स उचलून सगळा वाचला. "कधी येणार?"

"दोन वर्षांनी."

"गेल्या वर्षीही तुम्ही दोनच वर्षं म्हणाला होतात."

वर गॅलरीत वासंती वाळलेले कपडे काढत होती. तिचे हात थांबले. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, फ्लेक्स पुन्हा नीट पसरला आणि दोरीची गाठ मारली.

"हो," मी म्हटलं. "अजून दोन."